फुगा पिवळा, नळी वाकडी

तळोज्यापासून बेलापूरपर्यंत जेवढ्या म्हनून यात्रा भरायच्या, त्या सगळ्यांत माज्यासारखा नेमबाज दुसरा नव्हता. हे मीच सगळीकडं सांगत फिरायचो, कारन ज्यांनी मला बंदूक मारताना बघितलं होतं ते तोंडाला पदर लावून निघून जायचे.

मी फुगेवाला. यात्रेत फळीवर रंगीत फुगे लावलेले असतात, दोरीच्या अलीकडं उभं राहून छर्र्याच्या बंदुकीनं ते फोडायचे, बघितलं असेल तुमी. तो स्टॉल माजा. म्हंजे आदी माज्या मामाचा, मग माजा, आनि खरं बोलायचं तर लग्न झाल्यापासून बायकोचा. मी नुसता फुगे फुगवायचो. त्याच्यामुळंच माजे गाल असे सुटलेत. लोकांना वाटतं खाऊनपिऊन सुखी मानूस हाय.

आता आमी दोघं खारघरला पोराच्या फ्लॅटमधी असतो. नात शीतल, कॉलेजात हाय. ती रविवारी मैत्रिनींबरोबर कुठल्या तरी मैदानात जाते आनि तिथं बंदुकीनं एकमेकींना गोळ्या मारून घरी येते. पयल्यांदा ऐकलं तेव्हा माज्या हातातला चहा सांडला.

"आजोबा, घाबरू नका. एअरसॉफ्ट आहे ते. खेळ आहे."

मी बोललो, "आमी जन्मभर लोकांना सांगत राहिलो की मानसाकडं नळी करू नका. आनि तुमी मानसावरच मारता, ते पन तिकीट काढून?"

शीतलनं जाऊन सोसायटीच्या दिवाळी अंकवाल्या म्याडमना सांगितलं की आमच्या आजोबांनी आयुष्यभर एअरगन चालवली. झालं. म्याडमनी विषयच पाठवला, एअरसॉफ्ट बंदुका, त्यांची ओळख, उपयोग आनि सुरक्षितता. मला टेन्शन. मला लिहिता कुठं येतं? शाळेची पायरी मी एकदाच चढलोय, आमची शेळी आत शिरली होती ती काढायला. शेळी माज्यापेक्षा जास्त वेळ वर्गात बसली. तर मी बोलतो, शीतल लिहिते. चुकलं असेल ते तिचं, फेकलेलं असेल ते माजं.

पयली ओळख. आमची जी छर्र्याची बंदूक, तिच्यात दारूबिरू काय नसते. सायकलचा पंप असतो ना, तसला कारभार. बंदूक मधोमध मोडायची, म्हंजे तोडायची नाय, बिजागरीवर वाकवायची. वाकवली की आतली स्प्रिंग दबून बसते. नळीच्या मागच्या भोकात शिशाचा छर्रा ठेवायचा, डाळीच्या दान्याएवढा. नळी परत सरळ. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, हवा एकदम नळीत घुसते आनि छर्रा बाहेर. आवाज, फट्ट. संपली ओळख.

शीतलच्या बंदुकीत शिसं नाय. प्लास्टिकची गोल गोळी, मिरीच्या दान्याहून जरा मोठी. कुठली बंदूक स्प्रिंगवर चालते, कुठली ग्यासवर, कुठली ब्याटरीवर. दिसायला मात्र एवढी खरी की नाक्यावर काढली तर पोलीस पयला तुमाला आत टाकतील, मग विचारतील. म्हनून पिशवीत घालूनच न्यायची-आनायची. अंगाला लागली तर चिमटा काढल्यासारखं होतं, डोळ्याला लागली तर डोळा जातो. म्हनून चश्मा आनि तोंडावरची जाळी चढवल्याबिगर मैदानात पाय ठेवायचा नाय. घोड्यावर बोट मारायच्या वेळीच, एरवी बाहेर. आनि एक लय चांगला नियम हाय त्यांचा. गोळी लागली की दुसरा सांगेल म्हनून थांबायचं नाय. आपनच हात वर करायचे, लागली म्हनून बोलायचं आनि बाजूला व्हायचं.

हा नियम ऐकून माजी छाती फुगली. कारन आख्ख्या नवी मुंबईत गोळी लागून हात वर करनारा पयला मानूस मीच. तेव्हा नवी मुंबई धड झाली पन नव्हती.

आमची शेती आनि मिठागर नव्या शहरासाठी सरकारनं घेतलं, तेव्हाची गोष्ट. शिकलेली पोरं तळोज्याच्या कंपन्यांत लागली. मीपन गेलो. गेटावरचा क्लार्क बोलला, सही कर. मी अंगठा पुढं केला. तो बोलला, शाईचा डबा संपलाय, उद्या ये. दुसऱ्या दिवशी डबा आला, पन जागा भरली. माजी नोकरी शाईवाचून गेली.

मग जोमा मामानं मला पदरात घेतला. आईचा भाऊ. उंच, वाळलेला, सुक्या वाकटी मासळीसारखा. बोलायचा कमी, आनि बोलला की समोरच्याला वाटायचं नसता बोलला तर बरं. त्यानं मुंबईच्या एका यात्रावाल्याकडनं दोन जुन्या बंदुका आनि फळी उचलली होती. फळीच्या मागं तो गोनपाटाचे जाड पदर लावायचा, छर्रा टप्पा खाऊन उलटा येऊ नये म्हनून. दोन्ही बाजूला कुडाच्या भिंती, कोन आडवं घुसू नये म्हनून. समोर दोरी आनि बाकडं. लाल, निळे फुगे फोडले तर बत्तासा. फळी कमरेएवढी उंच, पिवळा फुगा एकच, उजवीकडं वरच्या कोपऱ्यात, तो फोडला तर कंगवा. कंगव्यासाठी पोरीबाळी तुटून पडायच्या.

आनि मामाचा एक नियम होता. फळीकडं फुगा लावायला जायचं तर आदी वरडायचं, "बंदूक खाली!" गिऱ्हाइकांनी बंदुका मोडून बाकड्यावर ठेवायच्या. मोडलेली बंदूक सुटत नाय. मगच फळीकडं पाऊल टाकायचं. परत दोरीच्या बाहेर आलं की वरडायचं, "चालू!" मामाचा आवाज असा की ताशावाले दचकायचे. मला बोलायचा, "हसु, देवाला इसरलास तरी तो माफ करंल. हा इसरू नको."

आमच्या दोन बंदुकांतली एक वाकडी होती. लोक बोलतात, स्टॉलवाले मुद्दाम नळी वाकवतात, गिऱ्हाइकाचा नेम चुकावा म्हनून. बाकीच्यांचं मला म्हाईत नाय. आमची वाकडी झाली कारन एका यात्रेत तंबूची खुंटी निघेना, म्हनून मी नळी खाली घालून जोर लावला. खुंटी तिथंच राहिली. नळी डावीकडं गेली. नुसतं बघून कळनार नाय एवढीच, पन फळीपर्यंत छर्रा चांगला वीतभर डावीकडं जायचा. मामानं बंदूक मोडून मागनं नळीतनं बघितलं, मग माज्याकडं बघितलं आनि बोलला, "ही एक वेळ सरळ व्हईल."

झाली नाय पन. ठोकायला गेलो तर तुटली असती. म्हनून ती ज्याच्या हातात जाईल त्याला मामा सांगायचा, जरा उजवीकडं धरा. ऐकायचं कोन? हातात बंदूक आली की मानूस बायकोचं ऐकत नाय, स्टॉलवाल्याचं काय ऐकनार? फक्त एक म्हातारा होता, हाताला कंप असलेला. तो वाकडीच बंदूक मागायचा. त्याचा हात थरथरत उजवीकडं जायचा, छर्रा डावीकडं, आनि फुगा बरोबर मधी सापडायचा. त्याची पोरं जवान, धडधाकट, एक फुगा फुटायचा नाय. म्हातारा त्यांना बत्तासे वाटायचा.

नव्या कॉलनीत रायला आलेला एक क्लार्क होता, देशावरचा, लय सज्जन. बेलापूरच्या बाजूला यात्रा असली की यायचा, निळ्या फुग्यावर नेम धरायचा आनि बारीक आवाजात बोलायचा, "हा आमचा साहेब." जन्मात लागला नाय. मग एकदा त्याचा साहेबच आला, टाय लावून. त्यानं पन निळाच फुगा धरला. मी विचारलं, हा कोन? साहेब बोलला, "आहे एक क्लार्क." त्याचा पन लागला नाय. मी मनात बोललो, हापिस एकाच नेमानं चाललंय.

उपयोगाचं म्हनाल तर, यात्रा सोडून बंदुकीचा दुसरा उपयोग आमच्या गावच्या एका काकीनं काढला. अंगनात तिचे बोंबील वाळत असायचे आनि कावळे न्यायचे. मला बोलली, नुसता आवाज काढ, मारू नको, पाप लागंल. मी छर्रा न घालता फट्ट करायचो. पयल्या दिवशी कावळे उडाले. दुसऱ्या दिवशी माना वळवून बघत बसले. नंतर नंतर मी दिसलो की यायला लागले, त्यांना वाटलं जेवनाची वर्दी द्यायला मानूस ठेवलाय. मामाला कळलं तेव्हा मलाच शिव्या. कारन छर्र्याबिगर मारली की स्प्रिंग रिकामी आपटते आनि खराब होते. शीतल, हे नीट लिही, हे कामाचं हाय. रिकामी बंदूक मारायची नाय. आनि बंदूक रिकामी हाय असं समजून कोनाकडं करायची पन नाय.

आता मुद्द्यावर येतो. माजं लग्न जमत नव्हतं.

जमिनी गेल्यापासून आमच्याकडं पोरीचे बाप एकच प्रश्न विचारायचे, पोरगा कंपनीत हाय का? मामा सांगायचा, यात्रेत असतो. आनि यात्रा नसंल तवा? यात्रेची वाट बघतो. हितं बोलनी संपायची, चहा पन पुरता यायचा नाय. माज्या पाठचे चुलतभाऊ पोरं खांद्यावर घेऊन माज्याच स्टॉलवर यायचे. आई देवाला नवस बोलून थकली, मग देव बदलला, मग बोलली, "आता एक पिवला फुगा बघ आनि त्याच्याशीच लगीन लाव."

तेव्हा मामानं नावड्याच्या पलीकडच्या एका गावात स्थळ काढलं. हिराजी म्हनून होता, मोठा मानूस, मोठ्या मिश्या, डोक्यावर एक केस नाय. त्याची पोरगी. आनि मामानं या वेळेला थापच मारली. पोरगा तळोज्याला कंपनीत वॉचमन हाय, बंदूकवाला. मला बोलला, "हे शेवटचा स्थल. ह्याच्यापुढं मी कोनाच्या दारात जानार नाय. तू तोंड उघडू नको, मी काय ता बोलतो."

बघायला जायचं ठरलं त्यांच्या यात्रेच्या दिवशी. आमच्यात यात्रेला घरोघर पाव्हना असतो, मटन शिजलेलंच असतं, त्याच मटनात पोरगी बघून होते. आता शहान्या मानसानं त्या दिवशी त्याच गावात स्टॉल लावला नसता. पन मामा बोलला, "यात्रा वर्सातनं एकदा येते, पोरी बाराही महिनं हायत." त्याचा बेत असा की हिराजीचं घर गावाच्या त्या टोकाला, यात्रा या टोकाला देवळापाशी. सकाळी धंदा करायचा, उन्हं चढली की स्टॉल झाकायचा आनि पाव्हने व्हायचं. माजी नवी टेरिकॉटची पॅन्ट मी सकाळीच चढवली. घडी मोडू नये म्हनून सकाळपासनं बसलो नव्हतो. बसून घ्यायला पायजे होतं.

मामा देवळात नारळ द्यायला गेला आनि चार पोरी आल्या. त्यातली एक हिरव्या साडीतली. तिनं वाकडी बंदूक उचलली. मी सांगनारच होतो की उजवीकडं धर, पन ती अशी झ्याक दिसत होती की माजं तोंड उघडलं आनि त्यातनं काय आलंच नाय. तिनं पिवळ्यावर नेम धरला. फट्ट. गेला. परत धरला. गेला.

ती बोलली, "फुगा लबाड हाय का बंदूक?"

मला जोर आला. मी बोललो, "नेम पायजे, बाय. आमी दाखवतो." आनि चांगली, सरळ बंदूक घेतली. छर्रा तंबूच्या कापडातनं आरपार गेला. पोरी अशा हसल्या की शेजारचा पेरूवाला पेरू सोडून बघायला आला.

लाजेनं तोंड कुठं लपवायचं? पिवळ्याच्या जरा डावीकडं, खाली जमिनीवर, एक लाल फुगा सुटून पडला होता. तो लावायच्या निमित्तानं मी कडेनं फळीकडं सटकलो. वरडलो नाय. त्या वेळेला मला देव आठवत होता, मामा आठवत नव्हता. ती पोरगी परत छर्रा भरून, डावा डोळा मिटून उजव्या कोपऱ्यातल्या पिवळ्याकडं बघत होती, तिला मी दिसलोच नाय. मी फुग्यासाठी वाकलो. माजी पाठ यात्रेकडं होती. पाठ म्हंजे पाठीच्या खालचं.

फट्ट.

नळी सरळ असती तर मला लागलीच नसती. नळी मी वाकवली होती.

माजे दोन्ही हात आपोआप वर गेले, आनि जे आदी वरडायचं ते मी आता वरडलो, "बंदूक खाली!" एवढ्या जोरात की देवळातनं मामा नारळासकट बाहेर आला.

छर्रा पॅन्ट फाडून कातडीत अर्धा रुतला आनि गळून पडला. जुनी स्प्रिंग, दमलेली. नवी बंदूक असती तर डॉक्टर लागला असता. आनि त्या फट्टच्या आदी मी कशाला तरी वळून बघितलं असतं, तर वाकलेल्या मानसाचं तोंड त्याच उंचीला असतं. बाकी सगळ्याची मी मस्करी करतो, त्याची अजून केलेली नाय.

पोरी पांढऱ्या पडल्या. हिरवी साडीवाली बोलली, "मी मुद्दाम नाय मारला."

समोरनं मामा येत होता, हातात नारळ. मी घाईनं बोललो, "तुजी चूक नाय, बाय. मी वरडलो नाय. चूक माजीच." आनि दोन्ही बंदुका मोडून बाकड्यावर ठेवल्या, मग बाकड्याला धरून जे काय कळवळायचं ते कळवळलो. पोरी पळाल्या. मामानं मागनं बघितलं.

"पॅन्टीला भोक पारलास."

"मामा, मला पन पडलाय."

"तुजा भरून येईल. पॅन्ट नवी हाय."

हळद लावली, सदरा बाहेर काढला आनि तसाच लंगडत हिराजीच्या दारात.

"या, बसा बसा," हिराजी बोलला. मामा बसला. मी उभा.

"बस ना, पाव्हना."

"बरा हाय उभा."

"अरे बस, घर तुजाच हाय."

"उभाच बरा हाय."

आतनं बायकांचा आवाज आला, "मूळव्याध असंल." माजं शेवटचं स्थळ मूळव्याधीवर चाललं. तेवढ्यात मामा बोलला, "ड्युटी! दिसभर कंपनीच्या गेटावर उभा असतो. बसाची सवयच नाय त्याला."

हिराजीच्या मिश्या वर गेल्या. "अशी शिस्त पायजे! माजा पुतन्या पन कंपनीत हाय, खुर्चीवर झोपतो." तो उठला आनि माज्या पाठीवर थाप मारली. नशीब माजं, वरच मारली.

तेवढ्यावर जमलंच होतं. पन पानं मांडली. जमिनीवर, पाटावर. मटन काय गेटावर उभं राहून खातात? मामानं डोळे वटारले. मी गुडघे टेकले, देवळात टेकतात तसे, आनि तसाच पानावर वाकलो. हिराजी बघत राहिला. मामा बोलला, "जेवनाआदी देवाला नमस्कार करतो." नमस्कार संपेचना.

आनि भाकऱ्या घेऊन पोरगी बाहेर आली. हिरवी साडी.

तिनं मला बघितलं. मी तिला बघितलं. तिच्या हातातली भाकरी मामाच्या रश्श्यात पडली.

हिराजी बोलला, "ही चांगुना. काय विचाराचा ता विचार, पाव्हना."

मी मटनाचा मोठा तुकडा तोंडात घातला. तीच बोलली, "लय दुखतंय का?"

"काय दुखतंय?" हिराजी बोलला.

ती गप्प बसली असती तर थाप पचली असती. पन चांगुनाला तेव्हाही गप्प बसता येत नव्हतं. "बाबा, हा वॉचमन नाय. यात्रेतला फुगेवाला हाय. सकालचा मीच मारला त्याला."

हिराजी हळूच बोलला, "जोमा, काय ऐकतंय मी?"

मामा बोलला, "बंदूक तर हाय ना त्याच्याजवल?"

हिराजी लाल झाला. "खोटा बोलून पोरगी मागाला आलास? पानावरनं पाव्हना उठवाची आमच्या घरात रीत नाय, नायतर दाखवला असता. जेवा. आनि जेवून जावा."

मामा असला चिवट मानूस की त्यानं ती रीतच धरली. एवढा सावकाश जेवला, एवढा सावकाश, एकेक हाड तीनतीनदा चोखलं. पान संपेपर्यंत आमाला कोन उठवू शकत नव्हतं. मी गुडघ्यावर. हिराजी दारात हाताची घडी घालून. आनि त्या वेळेत चांगुना बोलली.

"खोटा हा मामा बोलला, बाबा. हा सकाली खरा बोलला. मी मारला त्याला, सगल्या यात्रेसमोर माज्यावर वरडला असता तर मी काय करनार होती? बोलला, चूक माजी. पयल्या बंदुका मोडून ठेवल्यान, मग रडला. असा कोन बाप्या आपल्या गावात हाय ता सांग मना."

तुमाला सांगतो, तिला वाटलं मी मोठ्या मनाचा. मला सकाळी फक्त मामाच्या हातातला नारळ दिसत होता, आपनहून कबूल केलं नसतं तर डोक्यात बसला असता. पन तोंडात मटन होतं, म्हनून गप्प राहिलो. जन्मात गप्प राहून फायदा झाला तो एवढाच.

हिराजीनं मिशी ओढली. मग बोलला, "चल. दाखव तुजी कंपनी."

आमी यात्रेत आलो. मागं हिराजीचं घर, त्याच्या मागं अर्धं गाव. मी स्टॉलचा पडदा काढला, आनि या वेळेला फुगे लावायच्या आदीच जोरात वरडलो, "बंदूक खाली!" बंदुका तर अजून पेटीतच होत्या. फुगे लावले, मग पेटी उघडली. हिराजीनं हात घातला. नशीबच वाकडं, वाकडीच निघाली. मामानं सांगायला तोंड उघडलं.

"तू गप!" हिराजी बोलला.

पिवळ्यावर नेम धरला. फट्ट. गेला. परत. गेला. गाव हसायला लागलं. हिराजीच्या टकलावर घाम. "मानूस खोटा, मामा खोटा, बंदूक पन खोटी!" आनि त्यानं बंदूक माज्या हातात दिली. "घे. तुजी हाय ना? तू फोर. फुटला तर पोरगी देतो."

मी मारली असती तर आज मी एकटा असतो. मी खरं तेच बोललो. "मामंजी, मला फुटायचा नाय. मी फुगे फुगवतो फक्त."

अजून काय जमलं नव्हतं आनि मी मामंजी बोलून बसलो. गाव परत हसलं.

चांगुना दोरीपाशी आली. "बाबा, तूच मार. फुग्यावर धरू नको. वीतभर उजवीकरं धर."

"तुला काय म्हाईत?"

"सकालची मी फुग्यावरच धरली होती. छर्रा याला लागला."

हिराजीनं माज्याकडं बघितलं, कुठं लागला त्याचा अंदाज घेतला, फुग्याकडं बघितलं. उजवीकडं धरली. फट्ट, आनि पिवळा फुगा फुटला. गावानं आरोळी ठोकली. हिराजी पोरासारखा नाचला. मग मामा पुढं झाला आनि नियमापरमानं त्याच्या हातात बक्षीस ठेवलं. कंगवा.

टकला मानूस कंगवा हातात घेऊन उभा. त्यानं कंगव्यानं सावकाश मिश्या विंचरल्या, कंगवा खिशात घातला आनि मला बोलला, "लगनाला येशील तवा बंदूक आनाची नाय."

असं माजं जमलं.

चांगुना आल्यावर स्टॉलचा कारभार बदलला. वाकड्या बंदुकीच्या दस्त्याला तिनं लाल चिंधी बांधली आनि ती घेनाऱ्याला पयलंच सांगायची, वीतभर उजवीकडं, नाय ऐकलं तर रडायचं नाय. दोरीच्या आत आनखी एक दोरी आली. प्यालेल्याला बंदूक नाय, मग तो सरपंच असो. बारक्या पोराच्या हातात बंदूक एकट्याची नाय, तिचा हात वर पायजेच. धंदा उठवताना दोन्ही नळ्या मोडून, छर्रा नाय बघून, मगच पेटीत. छर्रे पोरांच्या हाती लागनार नाय असे वेगळ्या डब्यात, आनि छर्रे हाताळून झाल्यावर हात धुतल्याबिगर भाकरी नाय, शिसं पोटात जातं. आनि बंदूक खाली! तिच्या आवाजापुढं मामाचा आवाज म्हंजे पाळन्यातलं पोर. मामा शेवटी शेवटी नुसता स्टुलावर बसून तिचं वरडनं ऐकायचा आनि मान हलवायचा. तो गेला तेव्हा आमी कुठल्या तरी यात्रेतच होतो, वेळेत पोचलो नाय. तेवढं एक राहिलं.

पुढं यात्रांच्या मैदानात बिल्डिंगी आल्या, मोठे विजेचे पाळने आले, आमची फळी कोपऱ्यात गेली आनि मग कोपरा पन गेला. पन एक गोष्ट मी कुठं पन छाती ठोकून सांगतो. एवढ्या वर्सांत आमच्या स्टॉलवर छर्रा लागलेला मानूस एकच. तो स्टॉलवाला.

परवा शीतलनं मला तिच्या त्या मैदानात नेलं. पोरं-पोरी चश्मे लावून, जाळ्या लावून झाडामागं लपलेली. एकाला गोळी लागली, त्यानं हात वर केले, हसत बाहेर आला. मला लय बरं वाटलं. मी तिथल्या पोराला बोललो, मी पन हात वर केले होते. तो बोलला, "कुठल्या मॅचला, अंकल?" मी बोललो, "जमली ती एकच मॅच."

हे सगळं लिहून झाल्यावर शीतलनं आजीला वाचून दाखवलं. चांगुना ओट्यापाशी कोलंबी सोलत होती. सगळं ऐकलं, मधी एकदा पन हसली नाय. शीतल बोलली, "आजी, काही चुकलंय का? काही घालायचंय?"

"चुकलाय काय नाय," ती बोलली, आनि कोलंबीचं डोकं मोडून बाजूला टाकलं. "मना कंगवा पायजे होता. नेम बसला असता तर कंगवा मिललता. चुकला, म्हनून हा मिलला. कंगवा निदान कामाला तरी आला असता."